छळ सोसणाऱ्या कर्मचाऱ्यांचा कामाचा ताण कसा मोजायचा: पहिल्यांदाच मोजणाऱ्यांसाठी

"वरिष्ठांच्या त्रासदायक वागण्यामुळे तुम्हाला कामाचा ताण जाणवतो का? हो / नाही." असे प्रश्न असलेले फॉर्म प्रबंधांसाठी फिरतात, एचआर विभाग वाटतात, युनियनचे कार्यकर्तेही भरून घेतात. हेतू चांगलाच असतो. पण या एका ओळीत तीन प्रश्न कोंबलेले आहेत: त्रासदायक वागणं घडतं का, ताण जाणवतो का, आणि ताणाचं कारण ते वागणंच आहे का. यातला तिसरा प्रश्न सोडवायचं काम तुमचं आहे. इथे ते फॉर्म भरणाऱ्याच्या गळ्यात टाकलं गेलं आहे. शिवाय ज्याला प्रचंड ताण आहे पण वरिष्ठ चांगले आहेत, त्याने काय लिहायचं? आणि जिचा रोज चारचौघांत अपमान होतो, पण "मी मनाला लावून घेत नाही" असं जी म्हणते, तिने काय लिहायचं? दोघंही "नाही"वर खूण करतात आणि दोन अगदी वेगळी माणसं एकाच रकान्यात जाऊन बसतात.

म्हणून पहिला नियम: छळ वेगळा मोजा, ताण वेगळा मोजा, आणि दोघांचा संबंध नंतर आकड्यांतून काढा. दुसरा नियम तितकाच महत्त्वाचा: घाबरलेला माणूस खरं उत्तर देत नाही. त्यामुळे उत्तर देणाऱ्याची सुरक्षितता हा नीतिमत्तेचा प्रश्न आहेच, पण तो अचूकतेचाही आहे.

पायरी १: काय मोजतोय ते ठरवा

एकदा झालेलं भांडण, डेडलाइनच्या दिवशी चढलेला आवाज, कामावर झालेली रास्त टीका याला संशोधनात छळ म्हणत नाहीत. त्रासदायक वागणूक पुन्हा पुन्हा व्हावी लागते, बराच काळ चालावी लागते आणि जिच्यावर ती होते त्या व्यक्तीला स्वतःचा बचाव करणं अवघड जावं लागतं. हा अभ्यास सुरुवातीला पुढे नेणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्वीडनमध्ये काम केलेले हाइन्झ लेमन. त्यांनी अशा ४५ कृतींची यादी केली आणि "आठवड्यातून किमान एकदा, किमान सहा महिने" असा निकष घातला. आज तो निकष जसाच्या तसा सगळे वापरत नाहीत, पण सहा महिन्यांची चौकट टिकून आहे.

इथे एक सावधानता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ मधला करार क्रमांक १९० एकदाच घडलेल्या अस्वीकारार्ह वागणुकीलाही हिंसा आणि छळ मानतो. ते योग्यच आहे, कारण कायद्याचं काम संरक्षण देणं आहे. मोजमापाची व्याख्या त्याहून अरुंद असते. अहवालात तुम्ही कोणती व्याख्या घेतली आहे ते स्पष्ट लिहा, नाहीतर "तुमच्या निकषात बसत नाही, म्हणजे छळ झालाच नाही" असा अर्थ कुणीतरी सोयीने काढेल.

आता ताण. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली मांडलेला विचार इथे कामाचा आहे. त्यांच्या मते ताण परिस्थितीत किंवा माणसात सुटा नसतो. माणूस परिस्थितीचा जो अंदाज घेतो त्यातून तो तयार होतो. आधी मनात येतं, "यात माझं काही बिघडणार आहे का?" आणि मग, "बिघडलं तर मला सावरता येईल का?" छळाच्या बाबतीत दुसरा प्रश्न जास्त जिव्हारी लागतो. काम जास्त असेल तर रात्री बसून संपवता येतं. पण मीटिंगची वेळ बदलल्याचं मुद्दाम आपल्यालाच कळवलं जात नसेल, तर कितीही कष्ट केले तरी ते आपल्या हातात येत नाही. म्हणूनच "जाणवणारा ताण" मोजणारे चांगले प्रश्न "किती काम आहे" एवढ्यावर थांबत नाहीत. गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटतात का, हे ते विचारतात.

पायरी २: कुणाला विचारायचं

नवखे संशोधक फक्त छळ सोसलेल्यांना शोधून त्यांनाच प्रश्नावली देतात. त्यातून एवढंच कळतं की या लोकांना ताण आहे. पण कुणापेक्षा जास्त? त्याच ठिकाणी, तेवढंच काम करणाऱ्या पण छळ न झालेल्या सहकाऱ्यांशी तुलना केल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. शक्य असेल तिथे सगळ्यांना विचारा. मग कोण कुठल्या गटात आहे ते उत्तरांतून कळेल.

सगळ्यांना विचारण्याचा आणखी एक फायदा म्हणजे साक्षीदार सापडतात. फिनलंडमध्ये पालिका कर्मचाऱ्यांवर मारित वार्तिया यांनी केलेल्या २००१ च्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांचा छळ झाला त्यांच्यातच नव्हे, तर ज्यांनी तो फक्त पाहिला त्यांच्यातही ताणाच्या तक्रारी जास्त होत्या. म्हणून "गेल्या सहा महिन्यांत तुमच्या कामाच्या ठिकाणी इतर कुणाच्या बाबतीत असं घडताना पाहिलंत का?" हा प्रश्न नक्की ठेवा. तो नसेल तर साक्षीदार तुमच्या "छळ नाही" गटात जाऊन बसतात आणि दोन गटांतला फरक खोटाच कमी दिसतो.

आणि जे तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत त्यांचा विचार करा. ज्यांना सर्वात जास्त त्रास झाला ते आजारपणाच्या रजेवर असतात किंवा नोकरी सोडून गेलेले असतात. टिकून राहिलेल्यांचा ताण मोजून "परिस्थिती तितकी वाईट नाही" म्हणणं हा त्या गेलेल्यांवर अन्याय आहे. निदान लांब रजेवर असलेल्यांना प्रश्नावली घरी पोहोचेल एवढी व्यवस्था करा, आणि गेल्या वर्षभरात किती जण सोडून गेले हा आकडा संस्थेकडून मागून घ्या.

पायरी ३: छळ मोजणारं साधन

दोन पद्धती आहेत. एकीत व्याख्या देऊन थेट विचारतात: "या अर्थाने तुमचा छळ झाला आहे का?" दुसरीत छळ हा शब्द न उच्चारता वागणुकीची यादी देतात आणि प्रत्येक गोष्ट किती वेळा घडली ते विचारतात.

पद्धत बदलली की आकडा बदलतो. मॉर्टन निल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. व्याख्या देऊन विचारलं तेव्हा ११.३ टक्के लोकांनी हो म्हटलं, वागणुकीच्या यादीवरून १४.८ टक्के निघाले, आणि व्याख्या न देता नुसतंच विचारलं तिथे १८.१ टक्के. म्हणून दोन संस्थांच्या किंवा दोन देशांच्या टक्केवारीची तुलना करण्याआधी विचारलं कसं होतं ते पाहा.

यादीच्या पद्धतीत सर्वाधिक वापरलं जाणारं साधन म्हणजे निगेटिव्ह ॲक्ट्स क्वेश्चनेअर-रिव्हाइज्ड, थोडक्यात एनएक्यू-आर. स्टोले आयनर्सन, हेल्गे होएल आणि गाय नोटेलार्स यांनी त्याची तपासणी २००९ साली ब्रिटनमधल्या ५,२८८ कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवर प्रसिद्ध केली. त्यात २२ विधानं आहेत. कामाला लागणारी माहिती मुद्दाम न देणं, आपल्या कुवतीपेक्षा हलकं काम लावणं, महत्त्वाची जबाबदारी काढून घेणं, अफवा पसरवणं, डावलणं, कामावर अति पाळत ठेवणं, हक्काची रजा मागू नये म्हणून दबाव आणणं, आणि मारहाणीच्या धमक्यांपर्यंत. प्रत्येकाला गेल्या सहा महिन्यांसाठी "कधीच नाही" पासून "रोज" पर्यंत १ ते ५ गुण. एकूण गुण २२ ते ११० यांच्या दरम्यान येतात. वापरण्याआधी बर्गन विद्यापीठाच्या संशोधन गटाची परवानगी घ्यावी लागते. हे टाळू नका.

नोटेलार्स आणि आयनर्सन यांनी २०१३ मध्ये नॉर्वेतल्या प्रातिनिधिक नमुन्यावरून दोन सीमारेषा सुचवल्या: ३३ पेक्षा कमी म्हणजे छळ नाही, ३३ ते ४४ म्हणजे अधूनमधून होणारा, ४५ आणि वर म्हणजे छळाचा बळी. सोयीच्या आहेत, पण त्या नॉर्वेतल्या आहेत हे विसरू नका. माझा सल्ला असा की मुख्य विश्लेषण पूर्ण गुणांवर करा, गट फक्त निकाल समजावून सांगण्यापुरते पाडा.

यादी आणि थेट प्रश्न दोन्ही ठेवा, मात्र यादी आधी आणि व्याख्येसह थेट प्रश्न नंतर. उलट केलं तर "माझा छळ झालेला नाही" असं एकदा लिहून बसलेला माणूस पुढच्या २२ विधानांतही हात आखडता घेतो. दोन्ही ठेवल्यावर एक फार मोलाचा गट हाती लागतो: यादीत जास्त गुण, पण थेट प्रश्नाला "नाही". ही माणसं रोज सोसतात, पण त्याला नाव द्यायला तयार नाहीत. यांचा ताण कसा आहे ते वेगळं काढून पाहाच.

पायरी ४: ताण मोजणारं साधन

शेल्डन कोहेन, टॉम कामार्क आणि रॉबिन मर्मेलस्टाइन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली परसिव्ह्ड स्ट्रेस स्केल, म्हणजे पीएसएस, इथे सर्वात परिचित आहे. मूळ १४ प्रश्नांची, पण आता १० प्रश्नांचं रूप जास्त वापरलं जातं. गेल्या महिन्यात अमुक भावना किती वेळा आली, याला ० ते ४ गुण. एकूण ० ते ४०.

गुण देताना नवखे लोक एका ठिकाणी हमखास अडखळतात. ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न सकारात्मक आहेत. "स्वतःच्या अडचणी हाताळता येतील असा आत्मविश्वास वाटला का", "गोष्टी मनासारख्या होतायत असं वाटलं का" अशा अर्थाचे. तिथे ४ गुण म्हणजे ताण कमी. म्हणून या चार प्रश्नांचे गुण उलटे करायचे: ० चे ४, १ चे ३, २ चे २, ३ चे १, ४ चा ०.

समजा एका फॉर्मवर दहा उत्तरं क्रमाने ३, २, ४, १, १, ३, २, १, ३, ३ अशी आहेत. नुसती बेरीज केली तर २३ येते. आता चौथ्याचा १ चा ३, पाचव्याचा १ चा ३, सातव्याचा २ तसाच, आठव्याचा १ चा ३. खरी बेरीज २९. सहा गुणांचा फरक आहे आणि तो सगळ्यांना सारखा पडत नाही. ज्याला ताण जास्त, त्याचा आकडा चुकीच्या बेरजेत जास्त खाली येतो. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं करतोय त्यांचाच ताण दबून जातो. पहिले पाच-सहा फॉर्म हाताने तपासा आणि मगच एक्सेलच्या सूत्रावर विश्वास ठेवा.

०-१३ कमी, १४-२६ मध्यम, २७-४० जास्त, अशी एक वाटणी सर्रास छापलेली दिसते. ती वापरू नका. पीएसएस हे निदानाचं साधन नाही. कोणत्या आकड्यापासून ताण "जास्त" धरायचा, अशी रेषा मूळ संशोधकांनी आखलेली नाही. थर्मामीटरवर १०० च्या वर ताप असतो तसं इथे नाही. इथे गुण एकमेकांशी तुलना करण्यासाठी आहेत: या गटाचे त्या गटाशी, आजचे सहा महिन्यांनंतरच्यांशी.

पीएसएसची खरी अडचण वेगळी आहे. ती आयुष्यातल्या एकूण ताणाबद्दल विचारते, फक्त कामाबद्दल नाही. घरी आजारपण असेल तर तेही त्यात येतं. काही जण प्रत्येक प्रश्नात "कामाच्या ठिकाणी" हे शब्द घालतात. तसं करता येतं, पण मग ते नवं साधन झालं. त्याची विश्वसनीयता नव्याने तपासायची आणि अहवालात बदल केल्याचं सांगायचं. मला जास्त पटणारा मार्ग म्हणजे पीएसएस आहे तशी ठेवायची आणि सोबत कामाशी थेट जोडलेलं काहीतरी घ्यायचं. डेन्मार्कमध्ये तयार झालेली कोपनहेगन प्रश्नावली, म्हणजे कोपसॉक, कामाचा वेग, स्वातंत्र्य, वरिष्ठांचा आधार, ताण असं बरंच काही विभागवार मोजते, त्यातले हवे ते विभाग घेता येतात. वेळ फारच कमी असेल तर आन्ना-लिसा एलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तपासलेला एकच प्रश्न आहे. ताण म्हणजे काय ते सांगायचं, म्हणजे अस्वस्थ, बेचैन, चिंताग्रस्त वाटणं किंवा मनात सतत तेच घोळल्यामुळे झोप न लागणं, आणि सध्या असं वाटतं का ते पाच पातळ्यांवर विचारायचं. मोठ्या सर्वेक्षणात तो कामाला येतो, पण प्रबंधाचा पूर्ण भार त्याच्यावर टाकू नका.

आता एक बारीक गोष्ट, जी मार्गदर्शकांच्याही नजरेतून सुटते. एनएक्यू-आरच्या २२ विधानांत "झेपणार नाही एवढा कामाचा बोजा" आणि "अशक्य मुदतीची कामं" अशी विधानं आहेत. आणि पीएसएसमध्ये "करायच्या सगळ्या गोष्टी झेपत नाहीत असं वाटलं का" असा प्रश्न आहे. म्हणजे जवळजवळ एकच गोष्ट दोन्हीकडे विचारली गेली. मग सहसंबंध, म्हणजे एकाचे गुण वाढले की दुसऱ्याचेही वाढणं, येणारच. त्यासाठी विश्लेषण दोनदा करा, एकदा सगळी विधानं घेऊन आणि एकदा बोजाची विधानं वगळून. संबंध टिकला तर तुमचा निष्कर्ष पक्का. तो कोसळला तर तुम्ही छळ मोजतच नव्हता, कामाचा भार मोजत होता.

पायरी ५: फॉर्म बांधणं

साधनं दुसऱ्या भाषेतली असतील तर दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, तिसऱ्याने मूळ न पाहता ते परत मूळ भाषेत न्यायचं, आणि मग आठ-दहा जणांना समोर बसवून प्रत्येक विधान वाचून "यातून तुम्हाला काय समजलं?" विचारायचं. शेवटचा भाग वेळखाऊ वाटतो म्हणून गाळला जातो, पण सर्वात जास्त दुरुस्त्या तिथेच सापडतात. तयार भाषांतर मिळत असेल तर आधी ते कुणी तपासलं आहे का ते बघा.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे: ताण आधी, छळ नंतर. अपमानाच्या २२ प्रसंगांची आठवण करून दिल्यावर कुणालाही गेला महिना जास्त वाईट वाटतो. त्यामुळे आधी पीएसएस, मग कामाचा भार, स्वातंत्र्य आणि आधार यांचे प्रश्न, मग एनएक्यू-आर, मग व्याख्येसह थेट प्रश्न, मग साक्षीदाराचा प्रश्न, आणि व्यक्तिगत माहिती सर्वात शेवटी.

ती व्यक्तिगत माहिती शक्य तितकी कमी ठेवा. चौदा जणांच्या विभागात विभागाचं नाव, वय, लिंग आणि नोकरीची वर्षं एवढे चार रकाने भरले की माणूस ओळखू येतो, नाव लिहिलेलं नसलं तरी. तिथे पन्नाशीच्या पुढची एकच बाई असेल, तर तिला फॉर्म हातात घेताक्षणी हे कळतं, आणि ती सगळीकडे "कधीच नाही" लिहून मोकळी होते. वय दहा-दहा वर्षांच्या टप्प्यात विचारा, लहान विभाग एकत्र करा, आणि ज्या माहितीचा विश्लेषणात उपयोग नाही ती मागूच नका.

पायरी ६: सुरक्षितता

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, लॉइड्स रजिस्टर फाउंडेशन आणि गॅलप यांनी मिळून २०२१ मध्ये १२१ देशांत केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात १७.९ टक्के काम करणाऱ्यांनी नोकरीच्या काळात कधी ना कधी मानसिक हिंसा किंवा छळ अनुभवल्याचं सांगितलं. आणि कुठल्याही प्रकारची हिंसा किंवा छळ अनुभवलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांनी ते कुणाला तरी सांगितलं होतं. न सांगण्याची प्रमुख कारणं दोन: काही उपयोग होणार नाही, आणि आपलीच बदनामी होईल. तुमचा फॉर्म ज्याच्या हाती पडतो, त्याच्या मनात हीच दोन कारणं असतात.

म्हणून फॉर्म वरिष्ठांकडून वाटू नका आणि त्यांच्याकडे गोळा करायलाही ठेवू नका. ऑनलाइन असेल तर लिंक स्वतःच्या फोनवर, घरी उघडता येईल अशी द्या. ईमेल पत्ता गोळा करणारं सेटिंग बंद आहे का ते स्वतः फॉर्म भरून तपासा. कागदी असेल तर बंद पाकीट आणि कुलूप असलेली पेटी ठेवा, पण वरिष्ठांच्या केबिनबाहेर नव्हे. निनावी आणि गोपनीय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोण भरतंय हे तुम्हालाही कळत नसेल तरच "निनावी" म्हणा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं असेल तर प्रत्येकाला स्वतःच स्वतःचा संकेतांक तयार करू द्या, म्हणजे दोन फॉर्म जोडता येतील आणि नाव लागणार नाही.

संमतीपत्रात हे सर्वेक्षण म्हणजे तक्रार नव्हे, हे स्पष्ट लिहा. तक्रार कुठे करायची ते वेगळं सांगा. जे तुमच्या हातात नाही त्याचं आश्वासन देऊ नका. संस्थेने तुम्हाला आत येऊ दिलं असेल तर कच्ची माहिती कुणाला दिसणार नाही, याचा लेखी करार फॉर्म वाटण्याआधी झाला पाहिजे. तो करायला संस्था तयार नसेल तर सर्वेक्षण करू नका. छळ करणारी व्यक्तीच ती उत्तरं वाचू शकत असेल तर तुम्ही एखाद्याचं आयुष्य अवघड करून ठेवाल.

"अजून काही सांगायचं आहे का?" ही मोकळी जागा ठेवली तर लोक मन मोकळं करतात, तारखा आणि नावांसकट. ती माहिती संगणकात टाकतानाच नावं काढून टाका. कधी कुणी जगणं नकोसं झाल्याचं लिहितं. निनावी फॉर्मवरून त्या व्यक्तीपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून मदतवाहिनी आणि समुपदेशकाचा संपर्क प्रत्येक फॉर्मच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे छापा. समोर बसून मुलाखत घेत असाल तर असा क्षण आला की प्रश्नावली बाजूला ठेवायची. कुणाला फोन करायचा हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

पायरी ७: आकडेमोड

किती लोक हवेत? दोन गोष्टींत ०.३ एवढा सहसंबंध असेल आणि तो सापडण्याची ८० टक्के शक्यता हवी असेल, तर सुमारे ८५ जण पुरतात. सहसंबंध ०.२ असेल तर सुमारे १९४ लागतात. गट पाडून तुलना करायची असेल तर बरेच जास्त, कारण "बळी" गट लहानच निघतो.

आधी क्रोनबाख अल्फा काढा, म्हणजे एका प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. साधारण ०.७० च्या वर असेल तर प्रश्न एकत्र चालतायत असं मानतात. पीएसएसचा अल्फा फारच कमी आला तर उलटे गुण करायचे राहिलेत का ते पहिल्यांदा बघा.

एनएक्यू-आरचे गुण सहसा घंटेच्या आकाराचे येत नाहीत. बहुतेक लोक तळाशी दाटलेले असतात आणि थोडे लांब वर गेलेले. अशा वेळी फक्त सरासरी देऊ नका, मध्यकही (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या, आणि सहसंबंधासाठी स्पिअरमनची पद्धत (आकड्यांऐवजी त्यांचा क्रम धरणारी) वापरा. ते वर गेलेले थोडे म्हणजे "आउटलायर" म्हणून काढून टाकायचे आकडे नव्हेत. तुमचा अभ्यास त्यांच्याबद्दलच आहे.

पुढे रिग्रेशन करा, म्हणजे एकाच समीकरणात प्रत्येक गोष्टीचा ताणाशी असलेला संबंध वेगवेगळा काढा. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं होतं की मागण्या जास्त आणि हातात अधिकार कमी असले की ताण वाढतो. छळ नसतानाही हे होतं. म्हणून कामाचा भार, स्वातंत्र्य आणि सहकाऱ्यांचा आधार आधी समीकरणात घाला आणि मग छळाचे गुण घातल्यावर किती भर पडते ते पाहा.

एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच मनःस्थितीत दोन्ही प्रश्नावल्या भरल्या तर संबंध फुगून येतो. त्या दिवशी खचलेल्याला सगळंच काळं दिसतं. उपाय म्हणजे दोन मोजण्यांत काही आठवड्यांचं अंतर ठेवणं, किंवा रजेचे दिवस, सोडून गेलेल्यांची संख्या अशी दुसरीकडून येणारी माहिती जोडणं. दिशेचाही प्रश्न आहे. छळामुळे ताण येतो तसं आधीच थकलेला, गप्प झालेला माणूस सोपं लक्ष्यही ठरतो. काळानुसार मोजलेल्या अभ्यासांत दोन्ही दिशा दिसल्या आहेत. त्यामुळे एकदाच मोजलेल्या आकड्यांवर "छळामुळे ताण वाढला" असं लिहू नका. "ज्यांचे छळाचे गुण जास्त, त्यांचे ताणाचेही जास्त" एवढंच लिहा.

पायरी ८: निकाल सांगणं

दहापेक्षा कमी उत्तरं असलेल्या कुठल्याही गटाचा आकडा वेगळा देऊ नका, संस्थेने कितीही आग्रह केला तरी. अहवाल वाचून व्यवस्थापन पहिला प्रश्न विचारतं, "कुठला विभाग?" लहान विभागाचा आकडा वेगळा देता येणार नाही, हे उत्तर आधीपासून तयार ठेवा.

दुसरी प्रतिक्रिया असते ती ताण-व्यवस्थापनाच्या कार्यशाळेची. छळ सोसणाऱ्याला श्वसनाचे व्यायाम शिकवायचे आणि छळणारा जागच्या जागी, हा तुमच्या आकड्यांचा सर्वात वाईट उपयोग आहे. म्हणून ताणाचे गुण कधीही एकटे छापू नका. शेजारी नेहमी छळाचे गुण असू द्या, आणि २२ पैकी कोणत्या वागणुकी सर्वात जास्त वेळा नोंदल्या गेल्या ते लिहा. "माहिती दडवणं" सर्वात वर असेल तर कामाची माहिती लेखी आणि सगळ्यांना जाईल अशी पद्धत लावता येते. "अति पाळत" वर असेल तर ते वरिष्ठांच्या प्रशिक्षणाचं काम आहे.

ताणाचे गुण कमी पण छळाचे गुण जास्त, असे लोक सापडले तर त्यांना "खंबीर" ठरवू नका. त्यातले काही आतून सुन्न झालेले असतात, काहींनी दुसरी नोकरी शोधून ठेवलेली असते. नोकरी सोडायचा विचार आहे का, हा एक प्रश्न आधीच ठेवला असेल तर ते उलगडतं.

निकाल फॉर्म भरणाऱ्यांपर्यंत पोहोचवा, दोन पानांत, सोप्या भाषेत, व्यवस्थापनाला दिला त्याच दिवशी. कागदी फॉर्म किती महिन्यांनी नष्ट करणार ते त्यातच लिहा आणि त्या तारखेला नष्ट करा. पुढचं मोजमाप सहा महिन्यांनी, त्याच साधनांनी आणि त्याच क्रमाने घ्या. मधल्या काळात एक शब्दही बदलला तर दोन आकड्यांची तुलना होणार नाही.